गीताखालचं नाव

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१० ऑगस्ट २०१४

प्रिय प्रबोधदादा यास,

उल्काचा सप्रेम सलाम, वि. वि. फोनवर तू नगरहून इतक्या मोठ्याने बोलतोस की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. वर माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. म्हणून हे पत्र. आता बोल मध्ये!

आम्ही खुशाल. तुझ्या मेहुण्याला, सुबोधला, ऑफिसने गिळलंय. तन्मयला जेवायला हाक मारली की ‘कमिंग, लाह’ असं सिंगापुरी उत्तर येतं, मुलगा येत नाही. पुढल्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये निरनिराळ्या भाषांतल्या गीतांची संध्याकाळ आहे. आम्ही मराठी मंडळी मराठी गीत म्हणणार होतो. समितीचे प्रमुख रवींद्र म्हणाले, भारताच्या वाट्याला तमिळ आणि मल्याळम झालं, तुम्ही हवाईयन घ्या, त्याला कुणी नाही. हे गृहस्थ पुण्याचे, बरं का.

शिकवायला होनोलुलूहून लेइलानीबाई आल्यात. त्यांनी पियानोवर चाल वाजवली आणि मी खुर्चीतून उठलेच. आपल्या नंदाआत्याच्या गीताची चाल! एकाच अमेरिकन मिशनने नगरला माणसं धाडली आणि त्यांच्या बेटांवरही. पेटाऱ्यात चाली त्याच. हवाईयन शब्दांखाली मिशनरी साहेबाचं नाव छापलंय. लेइलानीबाई म्हणतात, साहेब नुसता चाल गुणगुणायचा, तिच्यात शब्द बसवले ते केओनी मास्तरांनी, म्हणजे त्यांच्या पणजोबांनी. सगळ्या गावाला ठाऊक आहे. कार्यक्रमपत्रिकेत साहेबाशेजारी त्यांचंही नाव घाला, एवढंच मागणं. रवींद्र म्हणतात, पुस्तकात असेल तेच छापू. जणू पुस्तक आभाळातून पडलं.

तू तिथे गीतांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोयस. नावं कशी ठरवता ते कळव, म्हणजे यांना ऐकवते. आत्याला सलाम.

लोभ वाढव, आवाज कमी कर.
तुझी
उल्का


अहमदनगर
१९ ऑगस्ट २०१४

चि. उल्का हिस,

प्रबोधचा सलाम आणि आशीर्वाद. पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तुझ्या वहिनीने उठून खिडक्या लावून घेतल्या.

तुला आवडणार नाही, पण रवींद्र बरोबर आहेत. एकदा समितीत बसून बघ. एक नाव बदललं की गल्लीतला जो तो येणार, हे पद माझ्या आजोबांचं, तो अंतरा माझ्या मावशीचा. म्हणून आम्ही ठरवलं की मागच्या आवृत्तीत होतं तेच ठेवायचं. आत्याचं गीतसुद्धा पूर्वीसारखंच आपल्या आजोबांच्या, रेव्हरंड आप्पांच्या नावावर आहे. त्या काळी एकोणीस वर्षांच्या पोरीचं गीत समिती घेईना, म्हणून आप्पांनी लेकीच्या गीताखाली स्वतःचं नाव घातलं. नाहीतर ते पुस्तकात आलंच नसतं. आत्याने कधी तक्रार केलेली नाही.

मात्र रोज विचारते, पुस्तक आलं का. ते बघायचं म्हणून नवा चष्मा करून घेतलाय.

बेटांच्या भानगडीत पडू नकोस. तन्मयला मराठी शिकव.

माया आहेच, ती दूरवर पोचती व्हावी.
तुझा
प्रबोधदादा


क्वीन्सटाउन
८ सप्टेंबर २०१४

प्रबोधदादा,

सलाम. ‘प्रिय’ मुद्दाम गाळलं आहे. पत्र वाचून फोन केला, तर तू ओरडून सांगितलंस की छपाई झाली, आणि ठेवून दिलास.

इथेही सगळं तुमच्या मनासारखं झालं. पत्रिकेत साहेब एकटेच. रवींद्रांनी त्यांचं नाव पदव्यांसकट वाचलं. लेइलानीबाई हसून गायल्या. आणि तुझी ही तोंडाळ बहीण? तीही शहाण्या मुलीसारखी शेजारी उभी राहून गायली. घरी येऊन भांडी आपटली. भांड्यांचा काय दोष!

नंतर हॉकर सेंटरमध्ये जेवताना मी त्यांना विचारलं, गप्प का राहिलात. त्या म्हणाल्या, इथे मी पाहुणी. आमच्या घरात गीताआधी ते रचणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं. कुणी घेतलं नाही, तर घरातली म्हातारी तोंड उघडत नाही.

हे सगळं मी काल आत्याला फोनवर सांगितलं. तिने फक्त विचारलं, म्हातारी गात नाही तर मग गीत उचलतं कोण. मी म्हटलं, कुणीच नाही. ती ‘हं’ म्हणाली आणि गोळ्या घ्यायला गेली.

तू एकदा तिच्या त्या चष्म्याकडे बघ. बाकी लोभाचं नंतर पाहू.
उल्का


अहमदनगर
२२ सप्टेंबर २०१४

चि. उल्का हिस,

सलाम. काल उपासनेत पुस्तकाचं प्रकाशन झालं. पाळकसाहेबांनी रेव्हरंड आप्पांचं गीत म्हणून आत्याचं गीत पुकारलं. ती पहिल्या बाकावर, नवा चष्मा लावून. मांडीवर पुस्तक मिटलेलं, तोंडही मिटलेलं.

तुला ठाऊक आहे, आपल्याकडे ऑर्गन काहीही वाजवो, मंडळी ओळ उचलते ती आत्याच्या आवाजावरून. पहिली ओळ चार दिशांना गेली. दुसऱ्या ओळीला नुसता ऑर्गन उरला. पाळकसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी आत्याकडे पाहिलं. ती समोर भिंतीकडे बघत होती.

मग मी उभा राहिलो आणि तू नावं ठेवतेस त्याच आवाजात सांगितलं की हे गीत आप्पांचं नाही, त्यांच्या मुलीचं, नंदाबाईंचं आहे. ऑर्गन थांबला. आत्याने घसा साफ केला आणि पहिल्यापासून उचललं. एक कडवं गाळलं नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, सगळ्या प्रतींवर तुझ्या नावाची चिठ्ठी चिकटवतो. ती म्हणाली, चिठ्ठी काय, उन्हाने सुटते. पुढच्या आवृत्तीत छाप. मी थांबते.

मागची आवृत्ती निघाली तेव्हा तू फ्रॉक घालत होतीस. आत्या आता चौऱ्याऐंशीची. आज सकाळी मला चष्मेवाल्याकडे घेऊन गेली आणि काच किती वर्षं टिकेल ते विचारून आली.

मी कामाला लागलोय. राग उतरला की ‘प्रिय’ परत पाठव.
तुझा
प्रबोधदादा