नांगराला चिकटलेला गाळ

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच बाजूला ठेवशील, म्हणून तुझ्या लेकीला सांगितलंय, फोडूनच हातात दे. सहा वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. तक्रार नाही करत. एकदा वाच, मग हवं तर फाड.

आधी बातमी. आपल्या गाळातल्या जिवाणूपासून केलेलं औषध आता माणसांना देऊन बघताहेत. बाजारात यायला अजून कित्येक वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. पण एक बसचालक, ज्याच्या खुब्याच्या हाडात शिरलेले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते, गेल्या महिन्यात काठी टेकत घरी गेला. त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले, आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं.

‘आपल्या’ म्हटलं, कारण तो गाळ तूच आणलास. समुद्रतळाचा गाळ मिळावा म्हणून संस्थेच्या मोठ्या बोटीसाठी अर्ज करून करून मी थकले होते. तू म्हणालास, कशाला नाक घासतेस, माझ्या बोटीच्या नांगराला रोज किलोभर चिकटतो. वहिनीने काचेची बरणी उकळून दिली आणि वर बजावलं की ही आता घरात परत आणायची नाही. सात आठवडे खाऱ्या पाण्याच्या थाळीत काहीच उगवलं नाही. मग एक पिवळट ठिपका दिसला, मोहरीएवढा. त्याच्या शेजारी हॉस्पिटलातले हट्टी जंतू वाढवले, तर ठिपक्याभोवती स्वच्छ गोल रिकामा राहिला. एकही जंतू तिथे फिरकला नाही. तुला फोन केला, तर तू धक्क्यावर सगळ्यांना सांगत सुटलास, बहिणीने माझ्या चिखलातून औषध काढलं.

म्हणूनच तर सगळं अवघड झालं. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन तसं साधंच, पण आठवड्यात जखम चिघळली, मग जंतू रक्तात उतरले. डॉक्टर एकेक औषध बदलत गेले, आणि एक दिवस त्यांनी बदलायचं थांबवलं. हॉस्पिटलच्या जिन्यात तू माझी वाट अडवलीस.

“माझ्या नांगराचा चिखल, आणि माझ्याच बायकोला नाही?”

मी म्हटलं, नियमात बसत नाही. एवढंच म्हटलं. तू माझ्याकडे जे बघितलंस, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

नियम होताच, दादा. पण खरं कारण ते नव्हतं. त्याच आठवड्यात औषध दिलेल्या आठ उंदरांपैकी पाच उंदीर मूत्रपिंडं निकामी होऊन मेले होते. जंतू गेले, उंदीरही गेले. त्या औषधातला घातक भाग काढून टाकायला आमच्या रसायनवाल्याला पुढे अडीच वर्षं लागली. हे तेव्हा सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, तीन वाचले ना, मग दे. आणि दोनदा म्हणाला असतास, तर मी दिलंही असतं. माझाच माझ्यावर भरवसा नव्हता.

वहिनीला मात्र सांगितलं होतं. तिने सरळ विचारलं, मला खोटं बोलवेना. तोंडावर मास्क, हातात मोजे, तशीच तिचा हात धरून बसले होते. मग ती म्हणाली, “ह्यांना यातलं काही सांगू नका. तुमच्यावर रागावू देत. रागावलेला माणूस निदान चार घास जेवतो. हरलेला जेवत नाही.”

मी शब्द दिला. वहिनी गेली, आणि तू खरंच जेवलास. रागाच्या बळावर का होईना, बोट चालवलीस, लेकीला वाढवलंस.

तो शब्द आज मोडते आहे, कारण रविवारी तुझ्या लेकीचा फोन आला. बाबांनी बोट देऊन टाकली, म्हणाली, ताट तसंच परत येतं, आणि आत्याचं नाव काढलं तरी आता चिडत नाहीत. ऐकून धडकी भरली मला. वहिनीने लावून दिलेला उपाय संपला, दादा. म्हणून खरं लिहिलं. वाचून राग आला, तर ये आणि तोंडावर भांड. नाही आला, तर शनिवारी मीच येते. माझंही पान वाढायला सांग.

तुझीच,
खेळात कायम लिंबूटिंबू ठरलेली