डोनाच्या पोर्चवरचं बदक

हाल्सवेल, ख्राइस्टचर्च
६ ऑगस्ट २०१७

चि. मृणालिनीस,
इकडच्या हिवाळ्यातून तुझ्या उन्हाळ्याला अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी फोन मध्येच तुटला नाही, मीच ठेवला. फोन जवळ नेला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तुझं अर्धं बोलणं शिट्टीतच जातं. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात चित्रही घालता येतं.

इथलं ठीक. प्रसाद भूकंपानंतरच्या बांधकामांत बुडालेला, सूनबाई स्वरदाच्या हॉस्पिटलात पाळ्या, नात श्रियाची शाळा. सकाळी तिघं गाडीतून निघून जातात आणि मग संध्याकाळपर्यंत घरात फ्रिजचा आवाज आणि मी. श्रियाला मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं बोलणं झालं असं आम्ही दोघंही समजतो. तुझी वहिनी असती तर निदान भांडायला कुणी असतं.

म्हणून खिडकीशी टेबल लावून व्यंगचित्रं काढतो. पुण्याच्या दैनिकात जन्मभर पुढाऱ्यांची नाकं लांब केली, हात स्वस्थ बसत नाही. इथल्या पुढाऱ्यांची नावंसुद्धा मला नीट येत नाहीत. अमेरिका मात्र टीव्हीवर रोज घरी येते. गुरुनाथ म्हणून एकजण इथल्या भारतीय लोकांसाठी इंटरनेटवर मासिक चालवतो, तो माझी चित्रं लावतो, खालची इंग्रजी ओळही नीट करून देतो. बंदुका, झेंडे, भिंत, निवडणूक, सगळं काढून झालं. आता टीव्हीवरची अमेरिका पुरेनाशी झाली आहे. तू तिथे अर्धा जन्म काढलास. जरा खरं काहीतरी लिही.

लोभ आहेच. टपालाला उशीर झाला तरी तो शिळा होऊ देऊ नकोस.
तुझा दादा,
रमण

ओहायो
२२ ऑक्टोबर २०१७

ती. रमणदादास,
मृणालिनीचा वाकून नमस्कार. गुडघे कुरकुरतात, म्हणून अर्धाच वाकून.

चित्रं पोचली. दादा, तुझा प्रत्येक अमेरिकन इतका लठ्ठ का रे असतो? माझ्या शाळेत ये, काटकुळ्यांची रांग दाखवते.

खरं काहीतरी हवं ना? मग ऐक. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, याचा सराव असतो आमच्याकडे. परवा दिवे घालवून मुलांना लायब्ररीतल्या कपाटांमागे बसवलं. एकाच्या बुटांत चालताना लुकलुकणारे दिवे होते. तो दोन्ही तळव्यांनी बूट झाकून बसला होता. त्याला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं, समोरची डोना. हे गेले तेव्हा पहिल्यांदा दार वाजवलं ते तिने. दर हिवाळ्यात माझ्या दारातलं बर्फ तीच काढते. तिच्या पोर्चवर सिमेंटचं एक बदक आहे, चोच फुटलेलं. त्याला ती कपडे घालते. पावसात पिवळा रेनकोट, चार जुलैला झेंड्याचा झगा. गेल्या निवडणुकीत तिच्या अंगणात त्या भिंतवाल्यांची पाटी लागली तेव्हा मनात आलं, हिच्याशी आता बोलायचं काय? पण पहिलं बर्फ पडलं आणि ती फावडं घेऊन हजर.

तिचा नवरा वसंतात गेला. तेव्हापासून संध्याकाळी ती पोर्चवर मांडीवर गोधडी घेऊन बसते. गोधडीखाली नवऱ्याची बंदूक असते. एकटं घर खायला उठतं, भीती वाटते, असं म्हणाली. हे फक्त तुला सांगते आहे, असंही म्हणाली. मी आधी हसले. मग माझंच घर आठवलं आणि हसू थांबलं.

जेवत जा वेळेवर. मायेत काटकसर नको, बाकी कशात कर.
तुझी,
मृणाल

ख्राइस्टचर्च
११ मार्च २०१८

चि. मृणालिनीस,
आज दोन्ही हातांनी आशीर्वाद, कारण आज म्हातारा खुशीत आहे!

सोबतचं चित्र पाहा. पोर्चवर आरामखुर्चीत बाई, मांडीवर बंदूक. शेजारी हेल्मेट आणि पिवळा रेनकोट घातलेलं बदक, त्याच्याही पंखात बंदूक. समोरून साडी आणि बर्फातले बूट घालून एक बाई वाडगा घेऊन येते आहे, दोन्ही हात वर करून, वाडगा डोक्यावर. खाली ओळ: ‘शेजारीण साखर मागायला आली आहे.’

मृणाल, हे चित्र पसरलंय! गुरुनाथ म्हणतो, अमेरिकेतूनच हजारो लोकांनी पाहिलं. श्रियाने माझ्या गळ्यात हात टाकून हीप्स ऑफ लाइक्स आहेत म्हणून सांगितलं. प्रसादने ऑफिसात दाखवलं. या घरात राहायला आल्यापासून जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा माझा विषय निघाला.

हे सगळं तुझ्यामुळे. आणखी पाठव.
भावावर लोभ ठेव, आता तो जरा प्रसिद्ध आहे.
रमण

ओहायो
८ एप्रिल २०१८

ती. रमणदादास,
नमस्कार.

डोनाच्या भाचीने ते चित्र तिला दाखवलं. आपलं बदक तिने ओळखलं, फुटक्या चोचीसकट. साडीतल्या बाईलाही ओळखलं. तू तिला लठ्ठ काढलंस. ती काडीसारखी आहे, दादा.

मी तिच्याकडे गेले. तिने जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली की तिला बंदुकीबद्दल कुणी काही म्हटलं तर चालतं, आयुष्यभर ऐकत आली आहे. पण भीती वाटते हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. एवढं बोलून आत गेली. दुसऱ्या दिवशी पोर्चवर बदक नव्हतं.

चित्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. इथे घराघरात बंदुका आहेत, त्यावर हसायलाच हवं. पण ते भीतीचं वाक्य चित्रात कुठे आहे? मला वाटलं होतं, मी भावाला लिहिते आहे. चित्रकाराला नव्हे.

या रस्त्यावर मला हाक मारणारं एकच माणूस होतं.
मृणालिनी

ख्राइस्टचर्च
३ जून २०१८

चि. मृणालिनीस,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देतो.

तुझं पत्र खूपदा वाचलं. गुरुनाथला सांगून चित्र काढून टाकायला लावलं, पण लोकांच्या फोनमधून ते कसं काढणार? तू जे लिहिलंस त्यात माणूस होता. मी फक्त बदक आणि बंदूक उचलली, कारण ती काढायला सोपी होती.

सोबत डोनासाठी चिठ्ठी आहे. इंग्रजी माझंच आहे, कुणाकडून सुधारून घेतलं नाही. तिला वाटलं तर वाचेल. तू रागाव, पण लिहायचं थांबवू नकोस. तुझं पत्र आलं नाही तर या घरात माझ्या नावाने फक्त डॉक्टरांचं पाकीट येतं.
रमण

ओहायो
१७ मार्च २०१९

ती. रमणदादास,
साष्टांग नमस्कार, या वेळी पूर्ण.

इतके महिने लिहिलं नाही. तुझी चिठ्ठी मी डोनाच्या पत्रपेटीत टाकली होती. उत्तर आलं नाही. हिवाळ्यात ती फक्त स्वतःच्या दारातलं बर्फ काढत होती, आणि मी खिडकीतून ते पाहत होते.

गुरुवारी जेवण आवरत होते, तर टीव्हीवर तुमचं गाव. मशिदींत गोळीबार. तुला फोन लावला, प्रसादला लावला, स्वरदाला लावला. कुणीच उचलेना. आपण मुसलमान नाही हे कळत होतं, पण गोळी झाडणारा थांबून विचारतो का? आणि मग लाज वाटली. जे गेले तेही कुणाचे तरी दादा होतेच ना?

तेवढ्यात दार वाजलं. डोना. कोटाखाली घरातले कपडे, पायात सपाता. तुझा भाऊ त्याच गावात असतो ना, एवढंच तिने विचारलं. गावाचं नाव तिला तुझ्या चिठ्ठीच्या डोक्यावरून माहीत होतं, म्हणजे चिठ्ठी तिने वाचली होती. मी फोन लावत राहिले आणि ती शेजारच्या खुर्चीत बसून राहिली. प्रसादचा निरोप आला, सगळे सुखरूप म्हणून, तेव्हा मी तिच्या खांद्यावर रडले. खांदा अगदी हाडकुळा आहे.

जाताना म्हणाली की ते चित्र ती विसरलेली नाही. मीही तिला विसर असं म्हटलं नाही.

दोन ओळी लगेच लिही. बाकी माया आहेच, ती कुठे जाते!
तुझी,
मृणाल

ख्राइस्टचर्च
२१ एप्रिल २०१९

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे समोरच्या घरी पोचते कर.

त्या शुक्रवारी मी कानातलं यंत्र काढून बसलो होतो, म्हणून तुझा फोन ऐकू आला नाही. टीव्हीवर कळलं तेव्हा घरात मी एकटा. प्रसाद ऑफिसात अडकलेला, स्वरदा हॉस्पिटलात. श्रियाच्या शाळेने दारं लावून मुलांना तासन्‌तास बाकांखाली बसवलं होतं. तुझ्या शाळेतल्या सरावावर मी चित्र काढलं होतं. इथे तो सराव नव्हता. रात्री श्रिया माझ्याजवळ येऊन बसली आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, आजोबा, मी बोलले नाही, कुणीच बोललं नाही.

पुढे इथे बंदुकांचा कायदा बदलला, तोही झटपट. गुरुनाथचा फोन आला. चिमुकला किवी पक्षी फळ्यावर अमेरिकेला धडा शिकवतो आहे असं चित्र त्याला हवं होतं. धमाल उडेल म्हणाला. कायदा चांगलाच झाला, पण मी नाही म्हणालो. कबरींची माती अजून ओली आहे, एवढ्यात फळ्यासमोर उभं राहायला मला जमणार नाही, असं सांगितलं. तो जरा नाराज झाला.

तुझं पत्र वाचून एक गोष्ट मनात रुतून बसली. त्या दुपारी माझं दार कुणीच वाजवलं नाही. का वाजवतील? इतक्या वर्षांत मी तरी कुणाचं वाजवलं? म्हणून काल समोर गेलो. हेमी नावाचा माओरी गृहस्थ आहे, माझ्याच वयाचा, निवृत्त बस ड्रायव्हर. थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. किया ओरा असा माओरी नमस्कार करून त्याने दार सताड उघडलं. म्हणाला, आम्ही तुला खिडकीत रोज बघतो, हात करतो, पण तू मान वर करत नाहीस. बायकोची समजूत होती की तू पुस्तक लिहितोस. त्या दुपारीही तो माझ्या फाटकापर्यंत आला होता, पण म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून परत फिरला.

काय काढतोस, विचारलं. अमेरिका, म्हणालो. गेला होतास कधी? नाही, बहीण असते. तो हसला नाही. चहा ओततच त्याने विचारलं की मग या रस्त्याचं काय काढलंस. मी मान वळवली. त्याच्या दारातून माझी खिडकी दिसत होती, आत टेबल आणि रिकामी खुर्ची. इथून ते सगळं इतकं स्पष्ट दिसत असेल हे मला माहीत नव्हतं. काहीच नाही, असं सांगितलं.

डोनाला सांग, भाऊ ठीक आहे. तिने विचारलं होतं, तर उत्तर माझ्याकडून जायला हवं.

लोभ आहे तसाच असू दे. वाढवायचा तर दोघी मिळून वाढवा.
तुझा दादा,
रमण