भाऊबिजेची होडी

खारबेट,
९ ऑक्टोबर २०२४

ती. अमरदादास,
स्वप्नालीचा सा. न. वि. वि.

पत्र का लिहितेय म्हणून हसू नकोस. इथे फोनला रेंज आली तर येते, आणि आईला माझं अक्षर हातात धरून बसायला आवडतं, हे तूच सांगितलंस.

पुढच्या सोमवारपासून आमचा संप सुरू होईल. काळजी करू नका. रिसॉर्टवाले आम्हाला दर वर्षी पावसाआधी काढतात आणि सीझन आला की पुन्हा नवे म्हणून घेतात. रिसेप्शनवर मी तिसऱ्यांदा 'नवी' झाले! पण युनियनची पहिली मागणी कायम नोकरीची नाहीच. रिसॉर्टने पोहण्याच्या तलावासाठी खोल बोअर मारली, तेव्हापासून कोळीवाड्याची विहीर खारट झाली. ती बोअर बंद करा, ही पहिली मागणी. काही जण कुरकुरले की गावाच्या विहिरीचं आपल्याला काय. आमच्या अध्यक्ष शालिनीताई लॉन्ड्रीत काम करतात. त्या म्हणाल्या की वादळात आपली घरं उडाली तेव्हा याच गावाने आपल्याला देवळात झोपवलं आणि आपण त्यांच्यासाठी चूल पेटवली, तेव्हा हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. मला टँकरमागे घागर घेऊन पळणारी आई आठवली आणि माझा हात सगळ्यांत आधी वर गेला.

कोळीवाड्यानेही शब्द दिलाय की संप मिटेपर्यंत बदली कामगार कुणाच्याही होडीतून येणार नाहीत. रिसॉर्टची लाँचसुद्धा तेच चालवतात, आणि बेटावर यायला दुसरी वाट नाही. म्हणजे आम्ही जिंकलोच, दादा.

भाऊबिजेला यंदाही येता येणार नाही, एवढंच टोचतं. आई-आबांना नमस्कार. दूर असले तरी लोभातून वगळू नकोस.

तुझी,
स्वप्नाली

---

नांदूरघाट,
१८ ऑक्टोबर २०२४

चि. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बी.ए. बाई, तुमचं पत्र आईनं तीनदा वाचून घेतलं. आपली पोरगी पुढारी झाली म्हणून आबा गावभर सांगत फिरतायत. मोहनतात्या पण बसून ऐकत होते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला धाडायची त्यांची गडबड चाललीय, तरी मुकादम जागचे हलले न्हाईत. होडीचं ऐकून म्हणाले की पोरगी लई हुशार हाय.

तुला येता येत न्हाई तर भाऊ येईल. भाऊबिजेला मीच येतो. म्हाळू, पप्पू आन् आपल्या गल्लीतली पोरं मागं लागलीत की समुद्र दाखव. त्यांनाबी घेऊन येतो. तुझ्या होडीवाल्याला तेवढं सांगून ठेव. न्हाईतर तो आमालाच बदली कामगार समजायचा आन् मधेच बुडवायचा.

आई करंज्या करतीय. ओवाळणीला काय पायजे ते कळव, पुढारीणबाई. माया हाय तशीच राहू दे.

तुझा,
अमरदादा

---

खारबेट,
४ नोव्हेंबर २०२४

अमरदादा,

वरचा नमस्कार विसरले नाही. लिहिला नाही.

होडीवाले धर्मा तांडेल आधी तयार नव्हते. म्हणाले की होडी माझी असली तरी शब्द सगळ्या कोळीवाड्याचा आहे, आणि ही माणसं ओळखीची नाहीत. मी म्हणाले की सख्खा भाऊ आहे, त्याची हमी मी देते. मग त्यांनी आणखी काही विचारलं नाही. होडी धुतली, झेंडूची माळ बांधली आणि तुम्हाला आणायला गेले. बायकांनी जेट्टीवर रांगोळी काढून पाट मांडला. कुणाच्या घरून निरांजन आलं, कुणाच्या घरून नारळ. इथल्या साऱ्यांना माझा भाऊ बघायचा होता.

तू उतरलास. मागून म्हाळू, पप्पू आणि बाकीचे. प्रत्येकाच्या खांद्यावर वळकटी होती. पाहुणे वळकटी घेऊन येतात का, हा प्रश्नही मला पडला नाही. मी हसत ताट उचललं. तू माझ्याकडे पाहिलंस, मग खाली पाहिलंस, आणि पाटाला वळसा घालून रिसॉर्टच्या गेटकडे चालू लागलास. गेट आतून उघडलं. सगळे आत गेलात. निरांजन तसंच जळत होतं.

तांडेलांनी माळ सोडली आणि पाण्यात टाकली. माझ्याशी ते बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना जेवण मिळालं. आमच्या जागी तुम्ही वाढलंत.

एकच विचारते. आईला ठाऊक होतं का?

स्वप्नाली

---

रिसॉर्ट, मागची इमारत,
६ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्नालीस,
आशीर्वाद. घे न घे, तुझी मर्जी.

वॉचमनच्या हाती हे देतोय. भिंतीपलीकडं बहीण असून पत्र लिहायची पाळी आली. एवढा राग कावून? आमी काय चोरी केली न्हाई. तात्यांनी रिसॉर्टला शब्द दिलता, आन् मुकादमाच्या शब्दावर टोळी उठती, ही रीत तुला नवी हाय का? तूच त्या मॅनेजरला फुशारकीनं सांगितलं होतंस की आमचे चुलते मोहनतात्या माणसं पुरवितात. त्यानं ते ध्यानात ठेवलं. होडीचं तुझ्या पत्रातनं कळलं. भाऊबीज तात्यांच्या डोक्यातनं निघाली. मी न्हाई म्हणलो न्हाई, एवढाच माझा गुन्हा.

म्हाळूची बायको पोटुशी हाय. हितं काम लागलं म्हणून यंदा तिला उसाच्या फडात कोयता धरावा लागणार न्हाई. हे तुझ्या युनियनला सांग. नोकरी असल्यावर न्यायाचं बोलता येतं. आमाला आधी नोकरी तर लागू दे.

हितं नळाला दिवसभर गोड पाणी हाय. लई वर्सांनी मन भरून आंघोळ केली.

आईच्या करंज्या वॉचमनकडं ठेवल्यात. खा. जमलं तर थोडी माया शिल्लक ठेव.

दादा

---

खारबेट,
२० नोव्हेंबर २०२४

अमरसिंह,

करंज्या कोळीवाड्यातल्या पोरांना वाटल्या. आईबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. म्हणजे दिलंसच.

म्हाळूच्या बायकोचं मी शालिनीताईंना सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. त्या म्हणाल्या की पावसाआधी त्यालाही काढतीलच, तेव्हा आपल्या मागणीत त्याचंही नाव घालून ठेवू. तिथे मला पहिल्यांदा रडू आलं.

आंघोळीचं ते पाणी कुठून येतं, हे तुला शिकवायला नको. टँकरमागे आई पळायची तेव्हा दुसरी घागर तुझ्या खांद्यावर असायची. इकडे बायका विहिरीचं पाणी चाखतात आणि ओतून देतात. मी समोर असले की चाखतही नाहीत, रिकामी कळशी घेऊन परत जातात. मी जेट्टीवरच्या धरण्यातून उठून जाते म्हणाले, तर शालिनीताईंनी बसवून ठेवलं. ज्याच्यामुळे संपाला भोक पडलं त्याने तिथेच बसायचं, असं म्हणाल्या. त्यामुळे मी रोज तिथे बसते.

पप्पू परवा भिंतीवरून उडी मारून आला. नुसता उभा राहिला. तांडेलांच्या बायकोने त्याला जेवायला वाढलं. आता तो आमच्यात बसतो आणि माझ्या नजरेला नजर देत नाही.

काल धर्मा तांडेल इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले. म्हणाले की आणलं मीच, तर न्यायचंही मीच. तुमच्यापैकी ज्याला बाहेर पडायचं असेल, त्याच्यासाठी रोज सकाळी होडी लागेल. मग त्यांनी विचारलं की तुझा भाऊ येईल का.

मी म्हणाले, मला ठाऊक नाही. या वेळी मी कुणाची हमी दिली नाही.

मायेचं तू बाहेर आल्यावर बोलू.

स्वप्नाली