पिवळ्या पिशवीतले दात

१८ मार्च २०२०
लिंबायतला पोहोचलो. सुरतला समुद्र आहे का, हे धनू वाटभर विचारत होती. आहे, पण या गल्लीत नाही. मी डॉक्टर म्हणून रुजू झाले तो लहान मुलांच्या दातांचा दवाखाना पत्र्याचा, मागे आम्हा मायलेकींची खोली. चोहीकडे कापडाच्या यंत्रमागांची खटखट, पण शेजार सगळा आपल्या खानदेशातला. दवाखान्यातल्या मावशी, सुभद्राबाई, आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. मी खूश आहे.

२६ मार्च
टाळेबंदी. माग थांबले, गल्ली मुकी झाली. आता फक्त सूज, ताप असलेली किंवा पडून लागलेली मुलं घ्यायची. ड्रिल चालवायचं नाही, थुंकी उडते. त्यामुळे दात वाचवण्याची सोय नाही, सरळ काढायचा. काढलेला दात दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, आणि पिशवी जाळायला. आज लोटू नावाच्या माग कामगाराने आपल्या मुलाचा, किरणचा दुधाचा दात परत मागितला. छपरावर टाकला नाही तर उंदीर नवा देत नाही म्हणे. मी दिला नाही. तुमचा उंदीर मास्क लावतो का, असंही विचारलं.

२ एप्रिल
प्रत्येक आईबापाचं तेच मागणं, आणि माझं तेच उत्तर. सुभद्राबाई आज म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, उंदीर आपला वाटा सोडत नही." नेमका आजच धनूचा खालचा पुढचा दात पडला. मी सगळ्यांसमोर तो पिवळ्या पिशवीत टाकला. संध्याकाळच्या गाडीने पिशवी गेली. आता तरी हा विषय संपेल.

६ एप्रिल
भर दुपारी पत्र्यावर काहीतरी चालतं. मांजर म्हणावं तर पाऊल जड आहे. कडेपर्यंत येतं, थांबतं, वळतं, पन्हाळीत चाचपतं. काही हरवल्यासारखं. सुभद्राबाई वर बघत नाहीत.

९ एप्रिल
लोटूचा व्हिडिओ कॉल आला. किरणने तोंड उघडलं. एकही दात नाही. रक्त नाही, खड्डे नाहीत, हिरड्या तान्ह्या बाळासारख्या गुळगुळीत. सकाळी उठला तो असाच. लोटू रडत नव्हता. तो दात आता मिळेल का, एवढंच विचारत होता. जळाला, मी सांगितलं. असा आजार मी कुठे वाचलेला नाही. मला भीती वाटते.

१० एप्रिल
आज तारा. मग स्नेहा. दोघींचेही दात मीच काढले होते. दोघींची तोंडं तशीच. रजिस्टर उघडून पाहिलं. ज्या क्रमाने दात पिशवीत गेले त्याच क्रमाने. स्नेहानंतर — धनू.

सुभद्राबाई म्हणाल्या, तिचाच दुसरा दात वर टाकून बघा. घेतला तर घेतला.

११ एप्रिल
धनूचा शेजारचा दात मीच काढला. पुरता हलतही नव्हता. ती ओरडत होती आणि मी तिचं डोकं धरून ठेवलं. आई असून.

बाहेर जाऊन पत्र्यावर फेकला. वरची पावलं थांबली. हुंगल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग दात घरंगळत खाली, माझ्या पायाशी.

तो नको आहे. पहिलाच हवा आहे. पहिला मी जाळला.

१२ एप्रिल, दुपार
पत्र्यावर शांत आहे. आवाज आता भिंतीत आहे — खाली सरकतोय — पलंगाच्या बाजूला —

धनू झोपलीय. डाव्या हाताचं बोट तिच्या ओठांत ठेवलंय, दातांवर. उजव्याने लिहिते. सुभद्राबाईंना हाक मारली. त्या दाराबाहेर आहेत, आत येत नाहीत.

भिंत गप्प झाली.

वरचे आहेत. खालचे — आहेत. पुन्हा चाचपते. आहेत.

माझे घे म्हटलं त्याला. सगळे घे, पक्के आहेत, तिचे —

बोटाला आतून काहीतरी लागलं. जीभ नाही. केस आहेत त्याला. ते माझं बोट बाजूला —