मामा पहिल्या दहा मिनिटांत मरतो

फुलसावंगी
बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी

चि. निशिगंधा,

मामाकडून तुला मनापासून आशीर्वाद. मामीकडून यावेळी काही नाही, कारण ती रुसली आहे, आणि म्हणूनच हे पत्र. माझा गुडघा होता तसाच आहे. तुझं पित्त कसं आहे ते कळव. (हैदराबादेत तू सकाळी उपाशीपोटी चहा घेतेस, हे मला दिसत नसलं तरी माहीत आहे.) फोनवरच बोललो असतो, पण फोनवर मी जरा रंगात आलो की तुझी मीटिंग लागते. पत्राला मीटिंग लागत नाही, म्हणून सावकाश लिहितो. शुद्ध लिहायचं ठरवलं आहे, पण राग आला की माझं शुद्ध राहत नाही हे तुला ठाऊक आहे.

आधी कामाचं. तू पाठवलेला नाहरकतीचा कागद चार दिवसांपूर्वी मिळाला. तुझ्या चित्रकादंबरीवरून काढलेला 'कपासकन्या' पिक्चर चालला म्हणून कंपनी दुसरा भाग काढते आहे, आणि यावेळी जाहिरातीत 'खऱ्या बाईची खरी कहाणी' असं छापायचं आहे. म्हणून खऱ्या बाईची, म्हणजे मामीची, सही पाहिजे. वीस तारखेच्या आत सही पोचली नाही तर दुसरा भाग रद्द, आणि तू वर्षभर काढलेली चित्रं पाण्यात. हे सगळं मी मामीला दोनदा वाचून दाखवलं. तिनं कागदाची घडी घातली, कुठंतरी ठेवून दिला आणि म्हणाली, "नाही करत." काहून, तर सांगत नाही. पण सांगायची गरजही नाही. मागच्या आठवड्यातल्या बाजाराच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसूनच तो पिक्चर पाहिला आहे. सही न करायची कारणं मी खाली तपशीलवार लिहितो, म्हणजे कंपनीतल्या शहाण्यांना तुला वाचून दाखवता येतील.

त्या दिवशी बाजारामुळं कापसाची वेचणी बंद होती, म्हणून रामलालची काळीपिवळी जीप ठरवून आम्ही अकराजण पुसदच्या टॉकीजला बाराच्या खेळाला गेलो. शेजारचा उकंडा होता (सोयाबीन विकून मोकळा झाला होता), आणि मामीबरोबर तीस वर्षं वेचणीला जाणारी कोकिळाबाई तिच्या टोळीतल्या सात बायका घेऊन होती. तुझ्या मामीवर, म्हणजे त्यांच्या चंदाबाईवर पिक्चर निघाला म्हणून बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. रामलालसुद्धा गाडी सावलीत लावून आत आला. तो एरवी कशालाच आत येत नाही.

आता माझं ऐक. तुझ्या पुस्तकात मी ड्रॉइंग मास्तर आहे, चष्मा आहे, खिशाला रंगाचे डाग आहेत, आणि शेवटच्या पानापर्यंत जिवंत आहे. पिक्चरमध्ये मला धोतर नेसवलं. (मी लग्नातसुद्धा धोतर नेसलो नाही.) हातात विळा दिला. कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागते, मी "माझा कापूस" म्हणून आत धावतो आणि मरतो. पहिल्या दहा मिनिटांत! नीट हिशेब केला तर आठव्याच मिनिटाला, लोक अजून खुर्चीचा नंबर शोधत होते. सदतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला काही किंमत आहे की नाही? उकंडा माझ्याकडे वाकून म्हणाला, "गुरुजी, सुटले तुम्ही." कोकिळाबाई मात्र डोळ्यांना पदर लावून रडत होती, ते पाहून मला जरा बरं वाटलं. नंतर कळलं की ती आगीत अडकलेल्या बैलांसाठी रडत होती. गावात परत आलो तर पानठेल्यावर दोघांनी तेरवी कधी आहे म्हणून विचारलं. काल बाजारात तिसऱ्यानं विचारलं. मी आता बाजारात जाणं बंद केलं आहे.

मी मेल्यावर हिरॉईन विधवा होते आणि लगेच नाचते. वय पंचवीस. तुझ्या पुस्तकातली बाई बावन्न वर्षांची, टाचा भेगाळलेल्या, केसांना तेल. तिच्या कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस कधी संपत नाही, ज्याला लागेल त्याला ती देते, कोणाच्या जखमेला, कोणाच्या गादीला, कोणाच्या दिव्याला. तेवढीच तिची शक्ती. मला ती चित्रं पाहून अभिमान वाटला होता, तुला बोललो नाही ही माझी चूक. पिक्चरवाल्यांनी ओटीच काढून टाकली. ही बाई अंगाला चिकटलेले पांढरे कपडे घालते आणि दोन्ही हातांतून कापसाचे गोळे फेकते, त्या गोळ्यांनी धरण फुटतं. कापसानं. बरं, धरण फुटलं तरी कोणी काही बोललं नाही. ती उडाली, ढगात गेली, विमानाला हात लावून आली, तरी आपली माणसं शांत बसून शेंगा खात होती. कोणी म्हणालं नाही की बाई उडते कशी. आपली माणसं दिलदार आहेत, एवढं ते चालवून घेतात.

मग ती कापूस वेचायला लागली, आणि टॉकीजात गोंधळ सुरू झाला.

पाठीवर टोपली! चहाच्या मळ्यात असते तशी, कपाळाला पट्टा लावलेली. कोकिळाबाई उभीच राहिली. "अवो माय, हे कापूस वेचून राह्यली का चहा?" मागून एक शहरी जोडपं तिला खाली बसा म्हणालं, तर तिनं त्यांनाच समजावायला घेतलं की ओटी कमरेला कशी बांधतात, कापूस आत कसा दाबतात, आणि पाठीवर टोपली घेऊन वाकलं तर सगळा कापूस डोक्यावरून पुढं कसा येतो. तेवढ्यात पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि भर पावसात फुटलेली बोंडं वेचणं चालूच. ओला कापूस! आठ बायकांनी एकदम कपाळाला हात लावला. त्यातून ती बोंडासकट तोडत होती, किडकी कवडी, पाला, काडी सगळं आत. आणि हातावर एक ओरखडा नाही, नखांना रंग. पहिल्या वेचणीला आपल्याकडं बायका शेतात दहीभात शिंपडून सीतादही करतात ना, तिथं यांनी चाळीस पोरी ढोलावर नाचवल्या आणि नारळ फोडला एका पुढाऱ्यानं. कोकिळाबाईच्या बायकांनी मध्यंतरापर्यंत त्या हिरॉईनला एक दिवसही कामावर ठेवायचं नाही असा निकाल देऊन टाकला.

उकंडाचा राग वेगळा. शेवटची मारामारी सोयाबीनच्या शेतात होते, शेंगा भरलेल्या. व्हिलन आणि त्याची दोनशे माणसं त्यातून पळतात, लोळतात, वर दोन ट्रॅक्टर उलटतात. हिरॉईन मार खात होती त्याचं उकंडाला काही नाही, बांध सोडून पीक तुडवतात याचं दुःख. तो मोठ्यानं विचारत होता, "वावर कोनाचं हाये? धुऱ्यानं पळा ना बे!" रामलाल तर आणखी पुढचा. हिरॉईननं एका हातानं काळीपिवळी उचलली, ते त्याला पटलं. पण त्या गाडीत चारच माणसं बसली होती. रामलाल म्हणाला, चार माणसांत गाडी सुटतच नाही, हा पिक्चर खोटा आहे. त्यानंतर तो बाहेर जाऊन गाडीत झोपला.

आणि बाहेरच्या जगाचं मत म्हणशील तर ते त्याहून थोर. मोबाइल दुकानवाल्या कपिलनं मला सगळे अभिप्राय वाचून दाखवले. एका मोठ्या समीक्षकानं चार तारे देऊन 'कापूसपट्ट्याचं दाहक वास्तव' असं लिहिलं आहे. (दाहक एवढ्यासाठी की मी जळून मेलो.) एकजण लिहितो, पुस्तक जास्त चांगलं होतं, खाली दुसऱ्यानं विचारलं वाचलंस का, तर म्हणे नाही, पण असतंच. तिसऱ्याला हिरॉईनचे गोळे अजून मोठे हवे होते. मग मीही कपिलकडून टाइप करून घेतलं की मी त्या पिक्चरमधला खरा नवरा असून मी जिवंत आहे आणि मला धोतर नाही. त्यावर उत्तर आलं, "काका, तुम्ही झोपा." एकशे चाळीस लोकांना ते उत्तर आवडलं. अशा लोकांसाठी तू रात्रंदिवस चित्रं काढतेस याचं मला फार वाईट वाटतं.

 या सगळ्यात मामीनं शेंगा घेतल्या नाहीत, परत येताना ती खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या जन्मभराच्या कामाची अशी थट्टा झाल्यावर बाई सही कशी करेल? तेव्हा कंपनीला स्पष्ट कळव: टोपली काढा, ओटी बांधा, पाऊस थांबवा, आणि नवऱ्याला जिवंत करा. एवढं झालं तर सहीचं मी पाहतो.

तुझा (अजूनही हयात)
किसनमामा

ता. क. पत्र पूर्ण झाल्यावर मामीला वाचून दाखवलं, शाबासकी मिळेल म्हणून. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "हे कायचं लिहून राह्यले तुम्ही? टोपलीनं मले काय होते? लुगडं नाही नेसवलं, नको नेसवू." मग काहून नाही करत, असं मी पहिल्यांदाच विचारलं. तिनं सांगितलं तसंच लिहितो. "त्या बाईनं शेवटी भाचीले आगीतून काढलं. बरं केलं. मंग तिले रस्त्यावर उभी करून दुनिया वाचवाले उडून गेली. लेकरू खालून हात हालवते अन् पिक्चर संपला. नऊ वर्साची पोरगी, तिची माय जाऊन महिना नाही झाला. त्या राती तिनं काय खाल्लं? कोनाजवळ झोपली? मी कुठं उडून गेलती? मी तं इथंच होती. आता लोकाले वाटन का मी तिले टाकून गेली." एवढं बोलून ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. निशी, पिक्चरचा तो शेवट मीही पाहिला होता. ती पोरगी म्हणजे तू, हे माझ्या काही लक्षातच आलं नाही, मी माझ्याच मरणात गुंतलो होतो. मला फार लाज वाटली. वर टोपलीबद्दल जे लिहिलं ते कंपनीला वाचून दाखवू नकोस.

ता. क. दुसरा. तिनं तुला बोलावलेलं नाही, हे मी आधी सांगून ठेवतो. तिनं एवढंच विचारलं की वीस तारखेला किती दिवस आहेत, आणि हैदराबादची गाडी पुसदला किती वाजता येते. दोन दिवाळ्या तू आली नाहीस हा विषयही तिनं काढलेला नाही. तो मी काढतो आहे.

ता. क. शेवटचा. आत्ता पाकिटासाठी डिंक शोधताना डाळीच्या डब्यामागं कागद सापडला. सही झालेली आहे. तू सातवीत असताना तिला शिकवलेली, 'चंदा'मधला दा जरा वर चढलेला. तारीख टाकली आहे, कागद आला त्याच दिवसाची. कुरिअरनं दिला तर परवा तुझ्या हातात पडेल. मी तो होता तिथं परत ठेवला आहे आणि देणार नाही. तू ये, दोन दिवस राहा, आणि सही कर म्हणून तिच्या मागं लाग. ती नाही म्हणेल. तू लागूनच राहा.