टायर अजून दोन वर्षं जातील

२ सप्टेंबर, सोमवार
मेव्हणा येऊन गेला. हा गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर. दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्या बघतो, त्यामुळे धड गाडी त्याला बघवत नाही. चहा यायच्या आत आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, भाऊजी, टायर बदला.
मी म्हटलं, गाडी आठवड्यातून एकदा निघते, टायर झिजणार कशाने?
म्हणे, टायर न झिजताही म्हातारा होतो. उन्हात उभ्या उभ्या रबर वाळतं. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यायचा, आणि दहाच्या पुढे दिसायला कितीही देखणा असला तरी ठेवायचा नाही.
हिनं लगेच मान डोलावली. भावाच्या बोलण्यावर हिची मान उभी हलते, माझ्या बोलण्यावर आडवी.
संकल्प: टायर बदलणार नाही. येत्या रविवारी लेकीला तिच्या पहिल्या नोकरीच्या गावी याच टायरांवर पोचवणार. हॉस्पिटलच्या दारात. घाट आहे वाटेत, असू दे.

३ सप्टेंबर, मंगळवार
टायरच्या अंगावर म्हणे त्याची जन्मतारीख असते. चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गुडघ्यावर बसून वाचले. उठताना बंपर धरावा लागला, पण तो विषय वेगळा.
टायर लेक आठवीत असतानाचे निघाले. आता ती नर्स झाली. म्हणजे टायर ऐन उमेदीत आहेत. लेकीला कोणी म्हातारी म्हणतं का?
आमच्या बुटांच्या दुकानात आज बरं गिऱ्हाईक. एका सद्गृहस्थांना समजावलं की बुटाचा सोल टणक झाला की ओल्या फरशीवर पाय सटकतो, वरून बूट कितीही चकचकीत असो. त्यांना पटलं, नवा जोड घेऊन गेले. लोकांना नीट सांगितलं की कळतं. टायरचं अर्थात वेगळं असतं.

५ सप्टेंबर, गुरुवार
मेव्हण्याचा फोन. टायरला बारीक भेगा दिसतात का, विचारत होता. मी म्हटलं, नाही. फोन ठेवल्यावर बघितलं. दिसत होत्या.
दुकानातून काळं बूटपॉलिश आणलं. ब्रशने चोळलं, फडक्याने चमकवलं. आता एक भेग दिसत नाही. चारही टायर मुलाखतीला निघाल्यासारखे उभे आहेत.

तोच दिवस, संध्याकाळ
ही बाजारातून आली आणि पिशव्या सावरत चाकाला टेकली. फिकट साडी. मागच्या बाजूला काळी कमान उमटली आहे. बोलणं बंद. बरंच झालं, शांततेत विचार चांगले होतात.

६ सप्टेंबर, शुक्रवार
आता लेकही फितूर झाली. टायरच्या खाचांत म्हणे तळाशी छोटे उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. तिनं मला हात धरून नेऊन दाखवलं. पुढच्या दोन्ही टायरांचं जवळपास आलंच आहे, म्हणाली.
मी म्हटलं, जवळपास म्हणजे आलेलं नाही.
तर म्हणते, बाबा, पेशंट जवळपास गेलाय असं सांगून आम्ही घरी नाही निघून जात.
उलट उत्तरं. सरळ आईवर गेली आहे.
उद्या प्रात्यक्षिक. तिला शेजारी बसवून मोठ्या रस्त्याने फिरवून आणतो. तोंडं आपोआप बंद होतील.

७ सप्टेंबर, शनिवार, दुपार
पावसाची भुरभुर होती. मी मुद्दामच निघालो. कोरड्यात कोणीही चालवेल.
सिग्नल लाल झाला. मी ब्रेक वेळेवर दाबला, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. गाडीने ऐकलं नाही. चौकातून सरकत गेली, अर्धी वळली आणि दुभाजकाला पुढचं चाक घासून थांबली. टायर फाटला. समोरून येणारी बस हातभर अंतरावर उभी राहिली.
लेकीने हात आडवा करून माझी छाती मागे दाबून धरली होती. ती लहान असताना ब्रेक मारला की मी तिला असाच धरायचो. गाडी थांबली तरी कोणाचा तरी हात स्टिअरिंग सोडत नव्हता. माझाच असावा, कारण तिनं तो हातात घेतला.
रस्ता गुळगुळीत होता. नगरपालिकेला पत्र लिहिणार आहे.
स्टेपनी काढली. तिच्यात हवा नव्हती. भेगा मात्र भरपूर. शेवटी मेव्हण्याला फोन करावा लागला. आला, सगळं बघितलं आणि एक शब्द बोलला नाही. हा त्याचा आजवरचा सर्वांत मोठा उद्धटपणा.

८ सप्टेंबर, रविवार
लेक मेव्हण्याच्या गाडीतून गेली. ही पुढे बसली. मागे लेक, गादीची वळकटी आणि मी. घाटभर वळकटी माझ्या मांडीवर. मेव्हणा फार सावकाश चालवतो.
हॉस्पिटलच्या दारात लेक म्हणाली, बाबा, पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे, याल ना? पण नव्या टायरांवर. मी म्हटलं, बघू. आणि चष्मा काढून पुसला. गाडीतल्या एसीने काचांवर वाफ धरते.

१२ सप्टेंबर, गुरुवार
चारही टायर बदलले. स्टेपनीही. स्वतःच्या मर्जीने. दुकानदाराकडून प्रत्येक टायरची तारीख वाचून घेतली आणि त्याला टायरच्या वयाबद्दल चार गोष्टी सांगितल्या. तो हो हो म्हणत होता. मेव्हण्याला या विषयात वरवरची माहिती आहे.

१५ सप्टेंबर, रविवार, सकाळी सात
आंघोळ करून तयार. लेकीसाठी घेतलेलं सामान डिकीत. ही पुढच्या सीटवर बसली, स्वतःहून. टायर असे की बघत राहावं. किल्ली फिरवली.
टक्. पुन्हा फिरवली. नुसतंच टक्.
हिनं विचारलं, बॅटरी केव्हाची आहे?
मी ठणकावून सांगितलं, बॅटरीला वय नसतं.
ही उतरली, डिकीतलं सामान काढून घेतलं आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागली. पिशव्या जड आहेत, तिला एकटीला झेपणार नाहीत, म्हणून मी पण निघतो आहे.