झिरो न लावता कापलेली फळी

दिनांक ११ मार्चला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास राजशेखर अण्णांची सागवानी फळी माझ्या मशीनवर आरपार कापली गेली, आणि तिथून माझं सगळं बदललं. म्हणून हे मृत्युपत्र त्या फळीपासून सुरू करतो. नाव-गाव आता सांगतो.

मी, रणधीर महारुद्र बिराजदार, वय वर्षे चोवीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष पास, दुसरं अर्ध्यात सोडलं, राहणार उमरगा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, कुणाचा धाक-दबाव नसताना लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते लवकर तापतं हे मान्य, पण वकील म्हणाले, तापट माणसालाही मृत्युपत्र करता येतं.

कारण असं की परवा सोलापूरला माझी एक किडनी काढून माझ्या थोरल्या बहिणीला, सोनाली अक्काला बसवणार आहेत. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्या कागदावर सही घेतली त्यातल्या चार ओळी वाचून मला झोप लागेना. अक्काला यातलं काही कळू देऊ नये. ती मजेत आहे. काल म्हणाली, "तुझी किडनी बसवल्यावर मी पण तुझ्यासारखी भांडायला लागले तर सासूबाई तुझ्याच दारात आणून सोडतील बघ."

कलम एक. माझ्या नावावर घर नाही, जमीन नाही. मशीन जिथं आहे ती पुढची पत्र्याची खोली बाबांची आहे, ती त्यांचीच राहील. बँकेत जे काही असेल ते अक्काच्या औषधाला. मोटारसायकल बाबांना. बाबांनी उभी हयात ट्रक चालवला, त्यांना मोटारसायकल म्हणजे खेळणं वाटतं, तरी घ्यावी. चेन ढिली आहे.

कलम दोन. कॉलेजातल्या वर्कशॉपच्या सरांना मी माफ केलेलं नाही. तिथं सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तसं आपोआप कापणारं मशीन होतं आणि त्यावर कायम कापड झाकलेलं असायचं. मी कापड काढलं तर सर म्हणाले, "ते तपासणीला येणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी न्हाय." मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच संध्याकाळी बॅग भरून घरी आलो. बाबा म्हणाले, "नापास होऊन आला असतास तर समजलं असतं. पास होऊन सोडतं का कुणी?" बाबांचं बरोबर होतं. सरांचं नव्हतं.

कलम तीन. मी सुटे भाग मागवून स्वतः जोडलेलं दोन बाय तीन फुटांचं सीएनसी मशीन, त्याचे लाकूड कोरायचे सगळे बिट आणि लॅपटॉप हे कु. शिवप्रिया राजशेखर हिला द्यावं. हायवेलगतच्या फर्निचरच्या दुकानाचे मालक राजशेखर अण्णा, त्यांची ही मुलगी. ती चित्रं काढायची, मी ती अण्णांच्या लाकडावर कोरायचो. पहिल्यांदा तिनं करडईच्या फुलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. मी लिहिलं, "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटोत रेषा फाटतात." तिचं उत्तर आलं, "बरं सर." त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर जगलो. तिला हे माहीत नाही. आता होईल.

कलम चार. मशीन ज्याच्या हातात जाईल त्यानं काम असं करावं. चित्र डॉक्युमेंट म्हणून आलं की कॉम्प्युटरवर रेषा आखून घ्यायच्या आणि तुटलेली टोकं जोडायची, उघड्या टोकापाशी मशीन वाट चुकतं. नावाची पाटी असेल तर अक्षरांचं आधी चित्र करून टाकायचं, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की वेलांट्या उडतात. मापं मिलिमीटरमध्ये. मग बिटचा रस्ता ठरवायचा: कुठला बिट, किती खोल, किती फेऱ्या. ती फाइल पेनड्राइव्हवर घेण्याआधी जुनी पुसायची. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरं फायनल' असली नावं ठेवायची नाहीत, मी ठेवून बघितली आहेत. सुरू करण्याआधी बिट वर धरून एकदा हवेतच फिरवून बघायचा. आणि शेवटी झिरो. बिट हळूहळू खाली आणायचा, त्याच्याखाली कागद सरकवत राहायचं. कागद अडकला की लाकडाचं तोंड आलं. तिथं मशीनला सांगायचं की इथून खाली मोज. बिट बदलला की झिरो नव्यानं लावायचा. दरवेळी. घाई असली तरी.

कलम पाच. हे लिहायचं म्हणूनच वरचं सगळं लिहिलं.

ती फळी अण्णांनी तीन वर्षं वाळवून एका गिऱ्हाइकाच्या देवघराच्या दारासाठी राखलेली होती. चित्र शिवप्रियाचं. जाड बिटचं काम झालं, मी बारीक बिट लावला. तो बोटाच्या पेराएवढा जास्त खाली उतरत होता. झिरो पुन्हा लावायला हवा होता. तेवढ्यात बाहेर तिची स्कूटी वाजली. मी लॅपटॉपच्या काचेत बघून केस सारखे केले आणि बटण दाबलं. बिट मोडेपर्यंत अर्धं फूल आरपार गेलं होतं.

तिच्यामागोमाग अण्णा आले. "काय केलंस रे हे?"

मी म्हणालो, "मी न्हाय केलं, अण्णा. हिनं फाइल इंचात पाठवली."

"मी मिलिमीटरच ठेवलं होतं," ती म्हणाली.

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय?" हे मी ओरडून म्हणालो.

ती वाकली. फळीवरच्या फुलावर तिनं वीत ठेवली. फूल बरोबर वीतभर होतं, तिनं काढलं होतं तेवढंच. फाइल इंचात असती तर ते पंचवीसपट झालं असतं, खोलीतही मावलं नसतं. तिला कळलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ती निघून गेली. अण्णांना यातलं काही कळत नव्हतं, आणि त्याचाच मी फायदा घेतला. अण्णा म्हणाले, "उद्यापासून हिचा लॅपटॉप बंद. लाकूड नासवायला मी दुकान मांडलं न्हाय."

त्याला आठ महिने झाले. तिचा लॅपटॉप कपाटात आहे. अण्णा डिझाइन विकत आणतात. तिला बघायला पाहुणे येतात तेव्हा अण्णा सांगतात, पूर्वी कॉम्प्युटरचा नाद होता, आता सुटला. तिनं माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

तरी मी याद्वारे जाहीर करतो की तिची फाइल निर्दोष होती. चूक माझी, आळ माझा, आरडाओरडा माझा. माझ्या मृत्यूनंतर हे कलम अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवावं.

कलम सहा. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून झेरॉक्सवाल्या गुंडाप्पाला काही नाही. तो म्हणाला, "मग सही कशाला करू? निदान वाचू तरी दे." त्यानं शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "रण्या, तू मेलास तर पोरगी सुटली. आणि परत आलास तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू जित्ता असूस्तवर ती चुकीचीच. तिनं काय तुझ्या मरणाची वाट बघायची का?"

माझं डोकं सणकलं. त्याला बाहेर हाकलणार होतो. मग त्याच्या हातातला कागद घेतला आणि पुढचं कलम लिहायला बसलो.

कलम सात. म्हणून कलम पाच मी मरायची वाट न बघता आजपासून लागू समजावं. परत आल्यावर मला तीन महिने जड काही उचलायचं नाही. तेवढे दिवस मशीन शिवप्रियानं वापरावं. मी असताना तिला नको वाटलं तर मी ओट्यावर बसेन. तिनं माझ्याशी बोलावं अशी अट या कागदात कुठंही नाही.

स्थळ: उमरगा, जि. धाराशिव. दिनांक १९ नोव्हेंबर २०२५.

लिहून देणार: रणधीर महारुद्र बिराजदार (सही)

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. गुंडाप्पा शिवशरण, झेरॉक्स दुकान (सही)
२. पंचाक्षरी गौरीशंकर, शेजारी (सही)

सह्यांनंतरची ओळ, माझ्याच हातची: सोलापूरची गाडी चारला आहे. अण्णा जेवून तीनला दुकानात बसतात, तेव्हा शिवप्रिया तिथंच असते. गुंडाप्पा विचारतोय, सोबत येऊ का. नको म्हणालो, कलम पाच अण्णांना माझं मीच सांगतो. कागद टेबलावर ठेवतो, पेनाला टोपण लावतो. तीनला दहा कमी आहेत. दार ओढून घेतो आणि निघतो.